अचलपूर: एक लाखाचं शहर, तरी जिल्हा का नाही?

आजच्या भागात आपण विदर्भात जाणार आहोत, अमरावतीच्या वायव्येला, सातपुड्याच्या पायथ्याशी. शहराचं नाव अचलपूर. ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. आकडे बरेच आहेत, त्यामुळे यावेळी वाचणं कदाचित जास्त सोयीचं पडेल.

आधी एक छोटंसं कोडं. दोन शहरं घ्या. २०११ च्या जनगणनेत एकाची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार, दुसऱ्याची सुमारे ७८ हजार. यातलं जिल्ह्याचं ठिकाण कोणतं?

पहिलं म्हणालात? नाही. जिल्हा ७८ हजारवाल्याला मिळाला, ते वाशीम. आणि १ लाख १२ हजारवालं अचलपूर अजूनही तालुक्याचं ठिकाण आहे. गंमत म्हणजे ही दोन्ही शहरं कधीकाळी जिल्ह्याची ठिकाणं होती आणि दोघांचाही जिल्हा एकाच वर्षी, एकाच निर्णयात गेला. वाशीमला तो ९३ वर्षांनी परत मिळाला. अचलपूर अजून थांबलंय.

असं का झालं, हा आजचा विषय. आणि त्यातून एक मोठा प्रश्नही सुटेल: एखाद्या शहराचा सरकारदरबारी दर्जा नेमका ठरतो कशावर? लोकसंख्येवर, असं आपण सगळे गृहीत धरतो. बघूया.

नावातली अदलाबदल

जुने इंग्रजी कागद उघडले तर अचलपूर नावाचं शहर सापडणारच नाही. तिथे 'एलिचपूर' आहे. वाटतं की इंग्रजांना उच्चार जमला नाही, म्हणून त्यांनी मुंबई-पुण्यासारखी याही नावाची वाट लावली. पण ही अदलाबदल इंग्रजांच्या कितीतरी आधीची. बाराव्या शतकात गुजरातमध्ये हेमचंद्र नावाचे मोठे जैन पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषेचं व्याकरण लिहिलं. त्यात अचलपूर या नावासाठी एक खास नियम आहे: या शब्दात 'च' आणि 'ल' जागा बदलतात आणि 'अलचपूर' होतं. म्हणजे जवळपास ९०० वर्षांपूर्वी हे शहर इतकं माहितीतलं होतं की गुजरातेतल्या व्याकरणकारानं त्याच्या नावासाठी स्वतंत्र नियम करून ठेवला! ईल नावाच्या राजावरून एलिचपूर झालं, अशी लोककथाही आहे. ती ऐकायला छान आहे, पण व्याकरणाचा पुरावा जास्त पक्का.

त्या काळात हे शहर सत्तेचं ठिकाण होतं. राष्ट्रकूटांच्या वऱ्हाडातल्या शाखेचा ताम्रपट अचलपुरातून दिलेला आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तेव्हा त्याच्या वाटेत एलिचपूर लागलं. बहमनी राज्यात वऱ्हाड हा एक मोठा प्रांत होता. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. राजधानी एलिचपूर, आणि पाठीशी गाविलगड आणि नरनाळा असे दोन बळकट किल्ले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं हे राज्य गिळलं, पुढे मुघल आले आणि सुभेदाराचं ठाणं बाळापूरला गेलं. म्हणजे राजधानीपण जाण्याची पहिली वेळ ही. पण शहर टिकलं. अठराव्या शतकात निजामाच्या छत्राखाली एलिचपूरचे नवाब इथे राज्य करत होते. त्यांच्या काळातल्या बऱ्याच वास्तूंच्या खुणा गावात आजही दिसतात.

मग १८०३ साल. इंग्रज-मराठे युद्धात आर्थर वेलस्लीनं १५ डिसेंबरला गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. पुढे निजामावर इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं कर्ज चढत गेलं आणि १८५३ मध्ये त्यानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती सोपवला. इथून आपली खरी गोष्ट सुरू होते, कारण आता आले जिल्हे, कलेक्टर कचेऱ्या आणि जनगणना.

१८६७: एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

इंग्रजांनी आधी वऱ्हाडचे दोनच भाग केले होते: पूर्वेकडचा अमरावतीहून आणि पश्चिमेकडचा अकोल्याहून चालायचा. नंतर हळूहळू तुकडे पडत गेले आणि सहा जिल्हे झाले: अमरावती, अकोला, बुलढाणा, वणी, वाशीम आणि एलिचपूर. एलिचपूरचा जिल्हा अमरावतीतून वेगळा झाला १८६७ मध्ये.

त्याच १८६७ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. मुंबईहून येणारी जीआयपी रेल्वे भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावती म्हणजे जेमतेम दहा किलोमीटर, तिथे फाटाही टाकला गेला. एलिचपूर मात्र मुख्य लाइनपासून दूर उत्तरेला राहिलं.

आता यातला धागा पकडा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं होतं आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अशा वेळी ज्या गावाला रेल्वे, तिथे बाजार. ज्या गावात बाजार, तिथे जिनिंग, दलाल, बँका, वकील, शाळा. अमरावतीला हे सगळं एकदम मिळालं. एलिचपूरला जिल्ह्याची पाटी मिळाली, पण तिथल्या कापसाला आधी बैलगाडीनं रेल्वेपर्यंत जावं लागायचं.

म्हणजे एकाच वर्षी एका शहराला कागदावरचा दर्जा मिळाला आणि दुसऱ्याला रस्ता. पुढच्या चाळीस वर्षांत काय होणार, ते तिथेच बऱ्यापैकी ठरलं होतं.

१९०१ चा तक्ता

आता जरा डेटा बघू. घाबरू नका, आकडे सोपे आहेत.

१९०१ च्या जनगणनेत एलिचपूर शहराची लोकसंख्या २६,०८२. अमरावतीची ३४,२१६. वाशीमची १४ हजारांच्या आसपास. म्हणजे अमरावती १०० धरली तर एलिचपूर ७६. फार काही फरक नाही. त्या वेळी दोन्ही शहरं बघणाऱ्या माणसाला ती एकाच तोलामोलाची वाटली असती.

शहराचा आकडा ठीक होता. अडचण जिल्ह्याच्या आकड्यात होती. एलिचपूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ २,६०५ चौरस मैल, लोकसंख्या २,९७,४०३, आणि तालुके फक्त तीन. ते असे:

एलिचपूर तालुका: ४६९ चौरस मैल, १,४६,०३५ माणसं.
दर्यापूर तालुका: ५०५ चौरस मैल, १,१४,६९८ माणसं.
मेळघाट तालुका: १,६३१ चौरस मैल, ३६,६७० माणसं.

बघितलंत? जिल्ह्याची जवळपास ६३ टक्के जमीन एकट्या मेळघाटात, पण माणसं फक्त १२ टक्के. जंगल, डोंगर आणि त्यात विखुरलेली कोरकू वस्ती. त्यातून तेव्हाचं सरकार जिल्हा चालवायचं ते मुख्यतः शेतसाऱ्यावर. साहेबाच्या नजरेतून हिशेब असा दिसणार: खऱ्या अर्थानं सारा देणारे तालुके दोन, आणि त्यासाठी सगळा जिल्ह्याचा लवाजमा सांभाळायचा.

त्यात आदल्या दोन-तीन वर्षांत काय झालं होतं, तेही लक्षात घ्या. १८९९-१९०० चा भयानक दुष्काळ. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत अख्ख्या वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली. वाढायच्या ऐवजी घटली. एलिचपूरशेजारच्या परतवाड्यात फौजेची छावणी होती, तीही १८९० च्या दशकात हलली होती. छावणी गेली की तिच्यावर जगणारा बाजारही आटतो.

१९०५: एका फेरबदलात दोन जिल्हे गायब

१९०२ मध्ये कर्झननं निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपये भाड्यानं इंग्रजांकडे कायमचं आलं आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला. मुख्यालय नागपूर. दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं की काय होतं, हे आपल्या क्षेत्रातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पहिल्यांदा टीम मोजल्या जातात, मग 'या दोन टीम एकत्र करू' असा मेल येतो.

१९०५ मध्ये तसंच झालं. वऱ्हाडचे सहा जिल्हे चार झाले. एलिचपूर अख्खं अमरावतीत गेलं. वाशीम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळ यांच्यात वाटले गेले. अमरावतीचा मूर्तिजापूर तालुका अकोल्याला दिला गेला. नवा अमरावती जिल्हा झाला ४,७५४ चौरस मैलांचा आणि १९०१ च्या गणनेप्रमाणे ८,०९,४९९ लोकांचा.

एलिचपूर शहर त्या दिवशी काही लहान झालं नाही. माणसं तीच, घरं तीच, बाजार तोच. फक्त कचेरी उठली. अर्ज घेऊन येणारा, कोर्टाची तारीख असलेला, साऱ्याची तक्रार घेऊन आलेला माणूस आता पन्नास किलोमीटर पुढे अमरावतीला जायला लागला. तो जिथे उतरतो, तिथे जेवतो. जिथे जेवतो, तिथेच वकील शोधतो आणि लेकाला शाळेतही तिथेच घालतो. शहर असं हळूहळू रिकामं होतं, आणि सुरुवातीला ते कोणाला जाणवतही नाही.

आणि रेल्वे? ती आली ना! १९१३ मध्ये. मूर्तिजापूर ते एलिचपूर, ७६ किलोमीटर, नॅरो गेज. हीच ती 'शकुंतला', खासगी कंपनीच्या मालकीची म्हणून प्रसिद्ध झालेली. वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत चाललं. पण टायमिंग बघा. जिल्हा गेल्यावर आठ वर्षांनी रेल्वे आली, तीही छोट्या रुळांची, आणि जोडली कुठे? मूर्तिजापूरला, जे तोपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. कापूस वाहायला तिचा उपयोग झाला, पण शहराला मोठं करायला ती पुरली नाही. आता तर ती गाडीही बंद पडली आहे.

एकशे दहा वर्षांनी

२०११ चे आकडे घेऊ. अमरावती सुमारे ६ लाख ४७ हजार. अचलपूर सुमारे १ लाख १२ हजार. वाशीम सुमारे ७८ हजार.

१९०१ पासून अमरावती जवळपास १९ पट झाली. वाशीम साडेपाच पटींहून जास्त. अचलपूर सव्वाचार पट. अमरावती १०० धरली तर १९०१ मध्ये ७६ वर असलेलं अचलपूर २०११ मध्ये १७ वर आलं.

एक सावधगिरी: ही तुलना अगदी काटेकोर नाही. शहरांच्या हद्दी शंभर वर्षांत बदलल्या. अमरावती महानगरपालिकेत बडनेरा आलं, अचलपूर नगरपरिषदेत परतवाडाही येतं. उलट परतवाड्याला लागून असलेलं कांडलीसारखं गाव दिसायला शहरच आहे, पण नगरपरिषदेच्या हिशेबात धरलं जात नाही. तरी ७६ आणि १७ मधला फरक हद्दीच्या चुकीनं पडेल इतका लहान नाही.

दोन शिड्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक लाखावर लोकसंख्या असून जिल्हा का नाही? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण आपल्याकडे शहराच्या दर्जाच्या दोन वेगळ्या शिड्या आहेत.

पहिली शिडी स्थानिक स्वराज्याची. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. इथे लोकसंख्या खरोखर मोजली जाते. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार ४० हजारांपर्यंत 'क' वर्ग, ४० हजार ते १ लाख 'ब' वर्ग, १ लाखाच्या वर 'अ' वर्ग. महानगरपालिकेसाठी साधारण ३ लाखांचा निकष. या शिडीवर अचलपूर जिथे असायला हवं तिथेच आहे: 'अ' वर्ग नगरपरिषद.

दुसरी शिडी महसुलाची. तालुका, उपविभाग, जिल्हा, विभाग. इथे १९६६ चा जमीन महसूल कायदा लागू होतो. तो सांगतो की राज्य सरकार अधिसूचना काढून जिल्हा तयार करू शकतं, मोडू शकतं, सीमा बदलू शकतं. अमुक इतकी लोकसंख्या झाली की जिल्हा द्या, असं तो कुठेही म्हणत नाही. कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या शिडीत 'इफ' कंडिशन आहे. दुसरीत ती नाही, तिथे अ‍ॅडमिननं हातानं फ्लॅग बदलावा लागतो.

म्हणून तर महाराष्ट्रात असे नमुने दिसतात. रायगड जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, २०११ मध्ये लोकसंख्या वीस हजारांच्या घरात. त्याच जिल्ह्यातलं पनवेल तेव्हाच पावणेदोन लाखांच्या पुढे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालयासाठी सावंतवाडी किंवा मालवणसारखं जुनं शहर न निवडता ओरोस गावाजवळ नवी वसाहत उभी केली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा गडचिरोली शहर मोठं होतं म्हणून नाही, चंद्रपूर तिथल्या माणसाला फार लांब पडत होतं म्हणून. आणि १ जुलै १९९८ ला वाशीम. १९६० मध्ये २६ असलेले जिल्हे आज ३६ आहेत. त्यातला एकही निव्वळ लोकसंख्येच्या आकड्यावर आपोआप झालेला नाही.

मग अचलपूरचं काय?

अचलपूर जिल्ह्याची मागणी जुनी आहे. नव्या जिल्ह्यांची चर्चा निघाली की अचलपूरचं नाव येतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरते, दोन दिवस स्टेटस लागतात, मग शांत.

या मागणीच्या बाजूनं नेहमी दोन मुद्दे मांडले जातात. एक, आमचं शहर ऐतिहासिक आहे, राजधानी होतं. दुसरा, आमची लोकसंख्या लाखावर आहे. मला स्वतःला हे दोन्ही मुद्दे कच्चे वाटतात. राजधानीचा मुद्दा धरला तर पैठण, बाळापूर, सिंदखेडराजा सगळ्यांनाच काही ना काही द्यावं लागेल. आणि लोकसंख्येचा निकष कायद्यातच नाही, हे आपण आत्ताच बघितलं.

पक्का मुद्दा तिसरा आहे, आणि तो शहराच्या बाहेर आहे. तो म्हणजे मेळघाट. नकाशा उघडा आणि धारणी शोधा. धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, त्यातला मोठा भाग घाटाचा. ती बस सेमाडोहवरून खाली उतरते, परतवाड्याला येते आणि मग पुढे आणखी पन्नास किलोमीटर अमरावतीला जाते. म्हणजे धारणीच्या माणसाची जिल्ह्याच्या कामाची वाट आजही अचलपूरच्या दारातूनच जाते. तो तिथे उतरू शकत नाही, कारण कलेक्टर पुढे आहे. जिल्हा परिषद पुढे आहे. जिल्हा रुग्णालय पुढे आहे. ज्या भागाचं नाव तीस वर्षं कुपोषणाच्या बातम्यांत येत राहिलं, त्या भागासाठी हे पन्नास किलोमीटर म्हणजे कधी एक दिवसाची मजुरी असते, कधी त्याहून जास्त काही.

आता १९०५ च्या हिशेबाची उलटी बाजू बघा. मेळघाट मोठा आणि विरळ, सारा कमी, म्हणून तेव्हा जिल्हा परवडत नव्हता, असं त्या तक्त्यावरून दिसतं. आज सरकार साऱ्यासाठी चालत नाही. आज तोच मोठा आणि विरळ मेळघाट हे जिल्हा जवळ असावा याचं सगळ्यात मोठं कारण आहे. आकडे तेच, पण सरकारचं काम बदललं की त्यांचा अर्थ बदलतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती, शेकडो पदं, वर्षानुवर्षांचा खर्च. पाटी बदलली आणि पदं रिकामी राहिली तर धारणीच्या माणसाला काहीच मिळत नाही. धारणीत आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, अचलपूरला उपविभागीय कार्यालय आहे. अशा कार्यालयांना जास्त अधिकार दिले तर निम्मं काम जिल्हा न करताही होईल, असं कोणी म्हटलं तर ते चूक नाही. आणि दर्यापूरच्या माणसाला अचलपूर जवळ की अमरावती सोयीची, हेही त्यालाच विचारावं लागेल. १९०५ मध्ये कोणी विचारलं नव्हतं.

पण चर्चा करायची तर या प्रश्नावर करू: सगळ्यात लांबच्या गावातून निघालेला माणूस काम करून त्याच दिवशी घरी पोचतो का? लाखाचा आकडा आणि इमादशाहीचा अभिमान यांनी पोस्टरं चांगली होतात, पण फाइल हलवायला हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

नवी जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार असल्याचं जाहीर झालं आहे. अचलपूरचा नवा आकडा येईल, पुन्हा तुलना होईल, पुन्हा 'आता तरी जिल्हा द्या' सुरू होईल. तेव्हा शहराच्या आकड्याबरोबर धारणी आणि चिखलदऱ्याचे आकडेही उघडून बघा.

तोवर एक काम तुमच्यासाठी. तुमच्या गावापासून जिल्ह्याचं ठिकाण किती किलोमीटर आहे, आणि एसटीनं सकाळी निघालात तर एक दाखला काढून किती वाजता परत येता, ते कमेंटमध्ये लिहा. मेळघाटातून कोणी ऐकत असेल तर तुमची कमेंट आम्ही सगळ्यात वर ठेवू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. काळजी घ्या!